काठानं जा, काठावर झोपू नका: वाई ते नरसोबाची वाडी, एकटीनं सायकलवर

कृष्णाकाठची माझी पहिली रात्र अर्धीच झाली. माहुलीच्या खाली पात्रात वाळूचा सुंदर पट्टा दिसला, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि मोबाइलवर बघितलेल्या सगळ्या तंबूच्या फोटोंसारखीच ती जागा होती. तंबू लावला, बिस्किटं खाल्ली, झोपले. रात्री दोनच्या सुमाराला पायाशी गार लागलं. दव असेल म्हणून कूस बदलली, तर तळाखाली पाणी डुचमळलं. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. सायकल, तंबू, अंथरूण असं एकेक काठावर ओढेपर्यंत एक बूट गेला. सकाळी म्हशी धुवायला आलेल्या आजोबांनी माझा एक पाय बुटात आणि एक चपलेत बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नदीत कुनी झोपतं व्हय पोरी? गावात देऊळ न्हाई का?"

त्यानंतर हीच वाट मी चारदा केली. दरवेळी देवळात, शाळेच्या पटांगणात नाहीतर कुणाच्या तरी अंगणात तंबू लावला. खाली लिहिलंय ते पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी. कधी एकट्यानं तंबूत झोपला नसाल, दिवसाला ५० किलोमीटर सायकल चालवली नसेल, तरी ही वाट जमते. थोडी तयारी मात्र हवी.

हीच वाट का

वाई ते नरसोबाची वाडी साधारण २०० किलोमीटर होतात, आडवाटांनी थोडे जास्त. चार दिवस आरामात पुरतात. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे आणि सांगली साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे एकूण उतारच. पण तो इतका पसरलेला आहे की पायांना कळत नाही, त्यामुळे "नदीबरोबर उतरत जायचं" या आनंदात राहू नका. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो आणि अकरानंतर तोंडावर बसतो. सहा-साडेसहाला निघून बारापर्यंत दिवसाचं मोठं अंतर संपवलं की दुपार मोकळी.

नवख्यासाठी या वाटेचा खरा आधार म्हणजे पुणे-मिरज रेल्वे. ती याच खोऱ्यातून जाते: सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली, मिरज. गुडघा दुखला, मन उडालं, सायकल मोडली, तरी साताऱ्यापासून पुढं कुठलं ना कुठलं स्टेशन तासा-दीड तासावर असतं. हे डोक्यात असलं की एकटं असण्याची निम्मी भीती जाते.

केव्हा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात हा विचारही करू नका. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. वाटेतल्या गावांत भिंतींवर पुराच्या रेघा ओढलेल्या दिसतील, २००५, २०१९, २०२१. एका घरात चहा पिताना मी त्या रेघेखाली उभी राहिले. हात वर करूनही पोचेना. त्या घरच्या काकूंनी त्याच रेघेवर खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं होतं.

डिसेंबर-जानेवारीत वाईची पहाट दहा-बारा अंशांवर येते. नदीजवळ दव इतकं पडतं की तंबूचं वरचं कापड पिळून घ्यावं लागतं. ओलं कापड घडी करून कोंबू नका. नऊ वाजता चहाला थांबाल तेव्हा कुंपणावर पसरा, दहा मिनिटांत वाळतं.

सायकल आणि ओझं

महागडी सायकल लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड, ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर आणि मागं पक्का कॅरिअर, बस्स. अगदी बारीक टायरची रेसिंग सायकल नको, कारण गावातल्या रस्त्यांच्या कडा तुटलेल्या असतात.

पंक्चर होणारच. इकडे बांधाबांधांवर बाभळी आहेत आणि काटा टायरमध्ये घुसून आतच मोडतो. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच जागी जाते. (हे मला दुसऱ्या ट्यूबनंतर कळलं.) दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि चेन तोडायचं अवजार एवढं बरोबर हवं. तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असेल तर पितळी अडॅप्टर घ्या. वीस-तीस रुपयांची वस्तू आहे, पण ती असली की कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते.

सगळं मिळून ओझं १२ किलोच्या आत ठेवा. पाठीवर सॅक घेऊ नका, दुसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, जड सामान तळाशी, तंबू वर आडवा. निघायच्या आठवडाभर आधी हेच सगळं लादून ३० किलोमीटर जाऊन या, आणि एक रात्र गच्चीवर तंबूत झोपा. गच्चीवर जे विसरलं म्हणून खाली जावं लागेल, तेवढंच यादीत वाढवा.

तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घ्या. देवळाच्या फरशीत आणि शाळेच्या मुरुमात खुंट्या जात नाहीत. एका माणसाचा म्हणून विकतात तो घेतलात तर पिशव्या बाहेर राहतात, म्हणून दोघांचा बरा. पाच-दहा अंशांची स्लीपिंग बॅग, एक मॅट, कानटोपी. स्टोव्ह पहिल्या खेपेला घरीच ठेवा. गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, आणि या खोऱ्यात सकाळी सहाला चहा आणि साताला पोहे मिळणार नाहीत असं गाव मला अजून लागलेलं नाही.

जागा मागणं

तंबू लावणं दहा मिनिटांचं काम. जागा मागणं हेच खरं काम, आणि शिकण्यासारखंही तेच.

चार वाजता ठरवा की आज याच गावात. साडेपाचपर्यंत गावात शिरा, अंधार पडायच्या आधी. सायकलवरून उतरून चालत जा. कुत्री सायकलवर भुंकतात, चालणाऱ्या माणसावर कमी. पारावर किंवा दूध डेअरीपाशी चार माणसं असतात, संध्याकाळी डेअरी म्हणजे गावाचा दिवाणखानाच. आधी रामराम घाला आणि कुठून आलो, कुठं चाललो ते सांगा. मग विचारा, "रात्रीपुरता तंबू टाकायचाय, देवळात किंवा शाळेत चालंल का? कुणाला विचारू?" शेवटचं वाक्य महत्त्वाचं. परवानगी देणारा माणूस गावच ठरवतं: पुजारी, सरपंच, पोलीस पाटील, कधी हेडमास्तर. पोलीस पाटलांना आपलं नाव आणि आधार कार्ड स्वतःहून दाखवा. रात्री कुणी शंका घेतली तर उत्तर द्यायला गावातलाच माणूस तयार असतो.

प्रश्न येतील. "येकटीच व्हय?" हा पहिला. "घरी म्हायती हाय का?" हा दुसरा. जात, लग्न, पगार नंतर. मी उत्तरं देते, चिडत नाही. अनोळखी माणसाला अंगणात झोपू देण्याआधी एवढं विचारायचा हक्क त्यांना आहे. बायकांना माझा सल्ला: पुरुषांच्या घोळक्याशी बोलून झालं की जवळच्या घरातल्या काकूंशी जाऊन दोन शब्द बोला. बाथरूम मिळतं, बहुतेक वेळा भाकरीही मिळते, आणि रात्री त्यांचं दार हाकेच्या अंतरावर आहे हे माहीत असतं. घरी लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. अडचणीत ११२.

पैसे देऊ केले तर लोकांना राग येतो. देवळाच्या पेटीत टाका, किंवा पोरांना खाऊ द्या. सकाळी निघताना जागा झाडून निघा, आणि झाडताना दिसा.

आता कुठं झोपू नये ते.

पात्रात नाही, वाळूवर नाही, घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर नाही. वर धोम धरण आहे, कराडपासून कोयनेचं पाणीही येऊन मिळतं. खालच्या बंधाऱ्यांसाठी पाणी कधी सोडतील ते तुम्हाला सांगायला कुणी येणार नाही.

मोकळ्या दिसणाऱ्या शेतात नाही. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीला असते. रात्री एक वाजता माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला येतो आणि पाणी तुमच्या तंबूतून वाहायला लागतं. बॅटरीचे उजेड दिसले, मोटार सुरू झाली, तर घाबरू नका. चोर नाहीत, शेतकरी आहेत, तुमच्यापेक्षा जास्त झोपाळलेले.

तोडलेल्या उसाच्या फडाशेजारी नाही. उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवतात.

आणि उभ्या उसाच्या कडेला तर नाहीच. सातारा-कराड भागात बिबटे उसात राहतात, तिथंच पिल्लं घालतात. पहाटे किंवा सांजेला आडोसा म्हणून उसात बसायला जाऊ नका. वाकलेलं माणूस त्यांना माणूस वाटत नाही.

पाणी, मगर आणि ट्रॉली

भिलवडी, औदुंबर, डिग्रज, सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. माणसं आणि जनावरं त्यांनी ओढली आहेत. थंडीत दहानंतर त्या काठावर उन्हाला येतात आणि चिखलाच्या रंगात मिसळून जातात. मी औदुंबरच्या अलीकडं एक ओंडका समजून पंधरा मिनिटं फोटो काढत होते. शेजारी मासे धरणारा माणूस म्हणाला, "त्यो ओंडका मघाशी पलीकडं हुता." कराडच्या खाली नदीत उतरायचंच नाही. अंघोळ हापशावर किंवा भक्तनिवासात. घाटावर गावकरी उतरले असतील तिथंही पायरीवर उभं राहून हात-पाय धुवा, तेवढं पुरे.

पिण्यासाठी नदीचं पाणी अजिबात नको. शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी कुठं जाते हे काठावरच्या कुणालाही विचारा. बहुतेक गावांत आरओचं मशीन आहे, नाणं टाकून बाटल्या भरता येतात. तीन लिटरची सोय ठेवा.

रस्त्यावरचा खरा धोका म्हणजे ऊस. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींच्या बाहेर हातभर ऊस लोंबतोय आणि टेपवर गाणं इतकं मोठं की तुमची घंटी ट्रॅक्टरवाल्याला ऐकूच येत नाही. मागून आवाज आला की रस्ता सोडून खाली उतरा. ट्रॉलीच्या मागं चिकटून जाऊ नका, ऊस सुटून पडतो. ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, म्हणून अंधारात सायकल चालवायचीच नाही. बैलगाड्या मात्र सावकाश जातात. त्यांच्याबरोबर चालवावं, बोलावं. ऊसतोडीला आलेली माणसं बीड, अहिल्यानगरकडची. तीही तुमच्यासारखीच पालात झोपणारी, फक्त चार दिवस नाही, चार-पाच महिने.

आणखी दोन गोष्टी. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून लोक मोटारसायकली नेतात, ते बघून हुरूप येतो. कठडा नसतो, वाट अरुंद, एका अंगाला पाणी. उतरून सायकल ढकलत न्या. आणि अवकाळी पाऊस झाला तर काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नका. शंभर पावलांत चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरतच नाही. मी एकदा काडीनं उकरत दीड किलोमीटरला दोन तास लावले. तेव्हा डांबरी कितीही लांबची असली तरी जवळची.

चार दिवस

पहिला दिवस, वाई ते माहुली, ४५ किलोमीटर. वाईला आदल्या संध्याकाळी एसटीनं पोचा. सायकल टपावर चढते का ते आधी कंडक्टरला विचारा, लगेजचं तिकीट पडतं. सकाळी ढोल्या गणपतीचा घाट करून आधी उलट दिशेला, तीन किलोमीटरवर मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा. सकाळी सातला तिथं कुणी नसतं. मग भुईंज, पाचवड, लिंब. हमरस्ता टाळता येईल तेवढा टाळा, थोडा तुकडा करावाच लागतो. लिंबजवळ शाहू महाराजांच्या काळातली बारामोटेची विहीर आहे, विहिरीच्या पोटात महालच बांधलाय. उन्हात आलेल्याला तिथला गारवा सोडवत नाही. मुक्काम क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. रामशास्त्री प्रभुणे याच गावचे.

दुसरा दिवस, माहुली ते कराड, ५५ ते ६०. अंगापूर, तारगाव, मसूर असं पूर्वेच्या अंगानं गेलात तर गाड्या कमी. मसूरला समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. कराडात प्रीतिसंगमावर संध्याकाळ काढा. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन मिळतात आणि मग काटकोनात वळून पुढं जातात, असा संगम मी दुसरा पाहिला नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच. शहरात तंबू नको. लॉज घ्या, कपडे धुवा, फोन चार्ज करा. पहिल्या खेपेला मधेच एक रात्र पलंगावर झोपण्यात कमीपणा नाही.

तिसरा दिवस, कराड ते औदुंबर, साधारण ५५. माझा सगळ्यात आवडता. रेठऱ्यावरून बहे-बोरगाव. बह्याला नदीच्या मधोमध रामलिंगाचं बेट आहे आणि तिथंही समर्थांचा मारुती. पुढं वाळवा, मग बालगंधर्वांचं नागठाणे. या पट्ट्यात गुऱ्हाळं लागतात. थांबा. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस तांबूस होऊन फुगायला लागला की गुळव्या फावडं उचलून धरतो, तार बघतो आणि कुणाशी न बोलता इशारा करतो. मग तिघं मिळून काहील वाफ्यात ओततात. त्या क्षणी मध्ये उभे राहू नका, भाजेल. थोडा निवला की कुणीतरी उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून देतंच. काकवीची बाटली विकत घ्या, पण झाकण दोनदा तपासा. माझी पिशवीत सांडली होती आणि तंबूला पुढचे तीन महिने मुंग्या लागत होत्या. औदुंबरला दत्ताच्या देवळाजवळ मुक्कामाची सोय होते. घाट रात्री फार शांत असतो, बसा वरच्या पायरीवर, मगरींची आठवण ठेवून.

चौथा दिवस, औदुंबर ते वाडी, ५० च्या आसपास. डिग्रजवरून सांगली. हरिपूर वाकडं करून बघण्यासारखं, वारणा तिथं कृष्णेला मिळते, आणि हळद साठवायची जमिनीखालची पेवं याच गावाची. मग अंकलीचा पूल. हा पट्टा गर्दीचा, नीट डावीकडून. उदगाव, शिरोळ, आणि संध्याकाळच्या आत नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम. पादुकांचं देऊळ पावसाळ्यात पाण्याखाली जातं, हिवाळ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. भक्तनिवासात खोली मिळते. बासुंदी आणि कवठाची बर्फी खाल्ल्याशिवाय झोपू नका.

परत येताना

वाडीहून मिरज जंक्शन वीसेक किलोमीटर. गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास पार्सल ऑफिसात पोचा. तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. पेडल काढून घ्या, हँडल आडवं करा, दिवा, पंप, बाटल्या सगळं उतरवा. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठं हे जाड मार्करनं लिहून दोन ठिकाणी बांधा, एक पुठ्ठा फाटतोच. पावती फोटो काढून ठेवा. सायकल तुमच्याच गाडीनं चढली की नाही हे फलाटावर ब्रेकव्हॅनपाशी (सामानाच्या डब्यापाशी) उभं राहून डोळ्यांनी बघा, मगच आपल्या डब्याकडं पळा. माझी एकदा दोन दिवसांनी पोचली, आणि कॅरिअरला उसाचं एक कांडकं अडकलेलं तसंच होतं.